आतलं पाणी

रायपूरला समुद्र नाही. पण समुद्राकडे जाणारी वाट आमच्या शहराला मुद्दाम करून दिलेली आहे. मध्य प्रांतातलं मँगनीज आणि बाकीचा माल मुंबई-कलकत्त्याचा वळसा न घेता जहाजावर चढावा, म्हणून बंगाल-नागपूर रेल्वेनं पार्वतीपुरम ते रायपूर हा डोंगरातला मार्ग 1931 साली पुरा केला, आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं. तेव्हापासून या रुळांवरून माल जातो तो खाली, समुद्राकडे. गेल्या काही वर्षांत एकदा मात्र एक वस्तू उलट दिशेनं वर आली. साडेसात फुटांचा एक जुना सर्फबोर्ड, गोधडीत गुंडाळलेला, मालडब्यातून, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या पत्त्यावर. पावतीवर ‘खेल का सामान’ असं लिहिलेलं होतं. पार्सलच्या बाबूंनी ते लिहिण्याआधी गोधडीची एक कड उचलून बराच वेळ विचार केला असणार.

बोर्ड माझ्या भाचीचा. ती विशाखापट्टणमला नोकरी करते. ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर भाड्याचा बोर्ड घेऊन ती लाटेवर उभं राहायला शिकली. भाडं तासावर असतं आणि लाटा तासाच्या हिशेबानं येत नाहीत. पुष्कळदा तासभर पाण्यात नुसतं बसून राहायचं आणि पैसे भरून घरी यायचं. तेव्हा स्वतःचा बोर्ड हवा, हे तिचं म्हणणं चैनीचं नव्हतं, हिशेबाचं होतं. पण पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर तिच्या हाती उरले होते 12,000 रुपये. त्यातच पायाला बांधायचा पट्टा, वरून घासायचं मेण आणि लागलीच तर डागडुजी. आपल्याकडे बरेचसे चांगले बोर्ड बाहेरून येतात. आठ फुटांची पार्सलं समुद्रापलीकडून आणायची, त्यावर कर भरायचा. नव्याची किंमत विचारूनच ती परत फिरली होती. मला फोन केला. “मामा, तू आयुष्यभर जुन्याच वस्तू घेतल्यास ना? मग ये इकडे. तुला कळेल.”

बोर्डातलं मला काहीच कळत नव्हतं. माझं पोहणं तलावातलं. रायपूर हे तलावांचं गाव. बूढा तलाव, महाराजबंध, आणि आमच्या पाऱ्याला, म्हणजे वस्तीला, लागून कंकाली तलाव. तिथल्या पाण्याला लाट कशी ती ठाऊकच नाही. पण जुनी वस्तू घेणं ही एक वेगळी विद्या आहे आणि ती मला येत होती, एवढं तिचं खरं.

ही विद्या ब्राह्मणपाऱ्यात आपोआप येई. भोसल्यांच्या राज्याबरोबर, आणि पुढे इंग्रजी अमलात नागपुराकडून कचेऱ्यांत नि शाळांत नोकरीला, अशी इकडे आलेली मराठी घरं. पगार ठरलेले, इभ्रत पगारापेक्षा जरा मोठी. पाठ्यपुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून यायची, शिलाईयंत्र बदली होऊन निघालेल्या कुणा कारकुनाच्या घरून. पहिली सायकल मी घेतली ती तीन गल्ल्या पलीकडच्या एका मास्तरांची. तिचा फ्रेमचा नंबर वडिलांनी साध्या कागदावर लिहून घेतला, खाली मास्तरांची सही घेतली. सायकलीच्या मागच्या चाकाचा एक आरा बदललेला आहे आणि ब्रेक पावसात धरत नाही, हे मास्तरांनी आपण होऊन सांगितलं. ते काही हरिश्चंद्र होते अशातला भाग नाही. त्यांना पुढची वीस वर्षं आझाद चौकात भाजी घ्यायला यायचं होतं आणि माझ्या वडिलांनाही.

1970 साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्याचा युक्तिवाद असा की, गाडीत काय बिघडलेलं आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतीपोटी कमीच भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, आणि उरतो तो खटारा माल. वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं, पण मास्तरांची सायकल या सूत्रात बसेना. त्या व्यवहारात माहितीची दरी होतीच की. तरी भाव योग्य होता आणि सायकल चांगली होती. फरक एवढाच, की विकणारा नाहीसा होऊ शकत नव्हता. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर मला तेच पुन्हा दिसलं, म्हणून हा लेख.

पहिला बोर्ड आम्ही पाहिला तो फार देखणा. पांढराशुभ्र, सहा फुटांच्या आत, टोकाला अणकुचीदार, आणि भाव इतका कमी की भाचीचे डोळे चमकले. स्वस्त का, हे मात्र तिनंच मला समजावलं, आणि समजावता समजावता तिच्या डोळ्यांतली चमक विझत गेली. बोर्डाची खरी मापं लांबी-रुंदीची नसतात. तो किती लिटरचा आहे हे पाहायचं. जितके लिटर पाणी बोर्ड बाजूला सारेल तितके किलो तो उचलून धरील. आर्किमिडीजनं यापलीकडे काही सांगितलेलं नाही. लहान टोकदार बोर्ड पंचवीस-तीस लिटरचा. त्यावर कसलेला माणूस वेगानं वळतो, नवखा मात्र पोटाखाली बोर्ड घेऊन अर्धा पाण्यात बुडतो. हात मारून लाटेचा वेग गाठेपर्यंत लाट निघून गेलेली असते. हौसेनं पहिला बोर्ड असाच घेणारे पुष्कळ, आणि दोन महिन्यांत कंटाळून विकणारेही तितकेच. म्हणून जुन्या बाजारात हेच जास्त आणि हेच स्वस्त. नवख्याला हवा तो लांब, जाड, बेढब बोर्ड मात्र सहसा विकायला निघत नाही. निघाला तर सर्फ शिकवणाऱ्या शाळांकडून, मुलांनी आपटून आपटून पार दामटल्यावर. तोकड्या खिशाची पहिली अडचण ही, की स्वस्त ते आपल्या कामाचं नसतं.

दुसरा बोर्ड लांबीला बरोबर होता. निळा रंग नुकताच मारलेला. विकणारा परगावचा, घाईत, “कल मैं जा रहा हूँ” हे त्यानं दोनदा ऐकवलं. बोर्डाला कुठे ओरखडा नाही. मला तिथेच थांबावंसं वाटलं. जुन्या घरांत राहिलेल्या माणसाला हा अनुभव असतो: दिवाळीच्या आधी भिंतीला चुना लावला की ओल दिसेनाशी होते, आणि चुना नेमका तिथेच जाड असतो जिथे ओल असते. मी भाचीला म्हटलं, रंग कुठे जाड आहे ते बघ. तिनं बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत टकटक करत नेलं. चांगल्या जागी आवाज कडक येतो. काचेचं कापड आतल्या फोमपासून सुटलेलं असेल तिथे तो बसका, पोकळ येतो, आणि अंगठ्यानं दाबलं तर कातडी किंचित आत जाते. मधोमध, आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अशी बसक्या आवाजाची एक पट्टी निघाली. बोर्ड कधीतरी मोडला होता किंवा मोडायच्या बेतात आला होता. टाचांनी पडलेले खळगे असतात ते निरुपद्रवी, उन्हानं आलेला पिवळेपणाही बऱ्यापैकी चालतो. पण आडवी दुमड म्हणजे पुढच्या मोठ्या लाटेला दोन तुकडे. माणूस उद्या जाणार होता, ते खरंच होतं बहुधा. म्हणूनच रंग मारला होता.

मोडलेला बोर्ड जोडून विकू नये असं माझं म्हणणं नाही. जोडलेलं दिसू द्यावं, एवढंच.

सर्फिंगच्या इतिहासात दडवादडवी तशी उशिरा आली. हवाईतल्या जुन्या फळ्या एकसंध लाकडाच्या. 1914 च्या अखेरीस ड्यूक कहानामोकू हा हवाईचा ऑलिंपिक जलतरणपटू सिडनीला गेला, तेव्हा त्याच्याजवळ बोर्ड नव्हता. तिथेच शुगर पाइनच्या लाकडातून त्यानं एक घडवला, फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं, आणि परत जाताना तो बोर्ड तिथल्या एका मुलाला देऊन गेला. अवजड फळी जहाजावर घालून परत कोण नेणार? आजही परदेशी पाहुणे विमानाचं जादा भाडं वाचवायला आपले बोर्ड किनाऱ्यावर विकून जातात, त्याचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. ती फळी फ्रेशवॉटरच्या क्लबमध्ये अजून जपलेली आहे. तिच्यात लपवण्याजोगं काही नाही, आरपार लाकूड. मग 1930 च्या सुमारास टॉम ब्लेकनं पोकळ बोर्ड काढले. ते हलके, पण त्यांत पाणी शिरे. म्हणून त्यांना चक्क एक बूच असायचं, किनाऱ्यावर आलं की बूच काढून पाणी ओतायचं. मला हे बूच फार आवडतं. घडवणाऱ्यानंच कबूल केलं होतं की आत पाणी जाणार. पुढे 1950 नंतर फोम आला, त्यावर काचेच्या कापडाची नि रेझिनची पातळ साल, आणि बूच गेलं. बाहेरून सगळे बोर्ड सारखेच गुळगुळीत. आत काय आहे ते वजन आणि आवाजच सांगणार.

तिसरा बोर्ड आम्ही घेतला. तो विकणारा मुलगा तिथेच शिकवणारा, जवळच्या कोळीवाड्यातला. बोर्डाच्या नाकाला नाण्याएवढं भोक, वर चिकटपट्टी. आम्ही काही विचारायच्या आत त्यानं पट्टी काढली. म्हणाला, दगडावर आपटला, तसाच दोन दिवस वापरला, आत पाणी गेलंय, उचलून बघा. बोर्ड खरोखरच जड होता. आत साधा फोम नव्हता, थर्माकोल होता. वर इपॉक्सीची साल. थर्माकोलच्या दाण्यादाण्यांमधून पाणी झिरपत जातं आणि दमट हवेत निघता निघत नाही. “बोटवाल्यांकडे देऊ नका,” त्यानं बजावलं. विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कसबी कारागीर आहेत, हात त्यांचा चांगला; पण ते वापरतात पॉलिएस्टर रेझिन, आणि त्यात असलेलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. भोक बुजवायला गेलं की आत खड्डा होतो. यापूर्वी कुणाच्या तरी बोर्डाचं तसं झालेलं त्यानं पाहिलं होतं. किंमत त्यानं 8,000 सांगितली आणि मी घासाघीस करायला तोंड उघडणार तोच भाचीनं माझ्या कोपराला हात लावला. ती त्याला रोज पाण्यात भेटणार होती. मी गप्प बसलो, पण माझ्या लक्षात आलं की तो मुलगाही भाव सांगताना तिच्याकडेच बघत होता, माझ्याकडे नाही. मास्तर आणि माझे वडील यांच्यातला तो जुना धागा मला तिथे दिसला. अकरलॉफच्या सूत्रात जो बाजार मोडतो तो अनोळखी माणसांचा. जिथे उद्या तोंड दाखवायचं असतं तिथे दोष सांगण्याला किंमत असते, अगदी रुपयांत मोजण्याजोगी. दिसणाऱ्या भोकाचे पैसे कापता येतात, न दिसणाऱ्या दुमडीचे कापता येत नाहीत.

बोर्ड रायपूरला आणायची कल्पना माझी. किनाऱ्यावर मे महिन्यात हवा अशी ओली की धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी तसाच. आमच्याकडे मेमध्ये पारा 44-45 ला जातो आणि हवा पापड वाळवायची. मात्र सरळ उन्हात ठेवायचा नाही, हे भाचीनं चार वेळा बजावलं. तापलं की आतली हवा फुगते आणि साल फोमपासून सुटून फोड येतो. आमच्या घराला उत्तरेला ओसरी आहे, जुनी, कौलांची, दुपारी तीनलाही सावलीची. तिथे वाशांना दोऱ्या बांधून बोर्ड उभा टांगला, नाक खाली, भोक उघडं, खाली एक परात. पहिल्या दिवशी परातीत मीठ साचलं. पाऱ्यातली मुलं बघायला येऊ लागली. एका आजींनी विचारलं, दार कुणाच्या खोलीचं?

वाळला की नाही हे कळायला एकच मार्ग, वजन. बोर्ड घेतला तेव्हा साडेसहा किलोच्या वर होता. या बनावटीचा बोर्ड पाचच्या आसपास असावा. आमच्याकडे येणाऱ्या कबाडीजवळ लोंबता काटा असतो. तो दर खेपेला बोर्ड काट्याला लावी, आकडा सांगी, आणि प्लास्टिकचा भाव ऐकवून पुढे जाई. चारपाच फेऱ्यांनंतर त्याला माझी कीव आली असावी, म्हणाला, “बाबूजी, रोज घट रहा है, आज ही दे दो.” आकडा पाच किलो तीनशेवर येऊन ठेपला आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच राहिला, तेव्हा आम्ही थांबलो. थोडं पाणी कदाचित अजूनही आत असेल. तेवढं त्या बोर्डाचं म्हणून सोडून दिलं.

मग रेझिन. दुकानदारानं सवयीनं पॉलिएस्टरचाच डबा काढला. मी घरून थर्माकोलचा तुकडा नेला होता. गणपतीचं मखर करणाऱ्याला हा माल चांगला ठाऊक असतो, पेट्रोलचा थेंब पडला की त्याचं काय होतं तेही. दुकानदारासमोर थोडं रेझिन त्यावर टाकलं. तुकडा बघता बघता बसला. तो हसला आणि मागच्या फळीवरून इपॉक्सी काढून दिलं, तिप्पट भावाचं. भोक भरलं, वर काचेच्या कापडाचे दोन थर, घासून सपाट केलं. रंग द्यायचा का, असं मी भाचीला फोनवर विचारलं. ती नको म्हणाली. नाकावर पिवळसर गोल ठिगळ तसंच राहिलं. सगळा खर्च, मालडब्याचं जाण्यायेण्याचं भाडं धरून, तिच्या 12,000 च्या आत बसला. माझा वेळ आणि कबाडीची सेवा यांचा हिशेब यात नाही, तसा तो जुन्या वस्तूंच्या हिशेबात कधीच नसतो. ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याकडे वेळ आणि माणसं असतील तरच जुनं स्वस्त पडतं. ज्याला दोन्ही नाहीत त्यानं निळा रंग मारलेला बोर्ड घेतला असता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या कंकाली मठाचे दरवाजे वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडतात. आतली जुनी शस्त्रं त्या दिवशी पुसून लोकांपुढे ठेवतात. कुणी त्यांना नवी दिसावीत म्हणून घासत नाही. लहानपणी मला त्या गंजाचंच आकर्षण होतं, तलवारीचं नाही.

भाचीनं तो बोर्ड दोन मोसम वापरला. आता तिला थोडा लहान हवा आहे, म्हणून तिनं हा विकायला काढला. नाकाला भोक पडलं होतं, आत पाणी गेलं होतं, रायपूरला वाळवून इपॉक्सीनं भरलंय, वजन पाच किलो तीनशे, हे सगळं तिनं येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगितलं. माझे मेहुणे वैतागले: इतकं कशाला सांगायचं, विचारलं तर सांगावं. तिनं ऐकलं नाही. घेतला तो पॉलिटेक्निकच्या एका मुलानं. त्यानं फक्त ठिगळावर टकटक करून पाहिलं, बाकी बोर्डाला हातही लावला नाही, आणि ठरलेल्या भावातून ठिगळापोटी हजार रुपये कमी करून घेतले. माझ्या मते पाचशे पुरे होते.